परत आलेलं पुस्तक कुणी नेलं होतं? वाचनालय संगणकीकरणाच्या प्रकल्प नोंदी

9 नोव्हेंबर 2025

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. तालुक्याच्या गावातलं शासनमान्य, ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. खाली देवघेव आणि बालविभाग, वर स्पर्धा परीक्षावाल्या मुलामुलींची अभ्यासिका. दाखल नोंदवह्या हातानं लिहिलेल्या, देवघेव कार्डांवर, वर्गणीच्या पावत्या कार्बन घालून. मार्चअखेर सगळं संगणकावर आणायचं असं कार्यकारी मंडळानं ठरवलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि शाळेपासून इथली सभासद आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं.

आजच्या बैठकीत दोन पर्याय होते. एका कंपनीचा प्रस्ताव: पाच वर्षं फुकट, सभासदांसाठी ॲप, मुदत संपली की आपोआप व्हॉट्सॲप, वाचकाच्या आवडीनुसार शिफारशी. दुसरा कोहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयांसाठी 1999 मध्ये हे लिहायला घेतलं आणि जानेवारी 2000 पासून ते वापरात आहे. मुक्त सॉफ्टवेअर आहे, आपल्याच खोलीतल्या संगणकावर चालतं.

कंपनीचा करारनामा मी बैठकीतच वाचून दाखवला. सभासदांची माहिती आणि देवघेवीचा इतिहास त्यांच्या सर्व्हरवर राहणार, ‘सेवा सुधारण्यासाठी’ तो सहयोगी संस्थांना देता येणार, आणि करार संपल्यावर पुसण्याबद्दल एक ओळ नाही. ॲप फोनमधली संपर्कयादी आणि ठिकाण मागतं. पुस्तक बदलायला येणाऱ्या माणसाचं ठिकाण कशाला हवं, हे त्यांच्या प्रतिनिधीला सांगता आलं नाही. अध्यक्ष अण्णा एवढंच म्हणाले, “फुकट देतायत, मग त्यांचे पगार कुठून निघतात?” कोहा ठरलं.

13 नोव्हेंबर

दिवसभर देवघेवीच्या टेबलाशी ग्रंथपालबाईंच्या शेजारी बसले. जे आपण बदलणार आहोत ते चालतं कसं, हे नीट पाहायचं होतं.

प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या बाजूला खिसा, त्यात पुस्तकाचं कार्ड. सभासदाकडे त्याच्या नावाचं पाकिटासारखं तिकीट. पुस्तक दिलं की पुस्तकाचं कार्ड सभासदाच्या तिकिटात सरकवायचं आणि ती जोडी तारखेच्या पट्टीमागे ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक परत आलं की जोडी काढायची, कार्ड पुस्तकात, तिकीट सभासदाच्या हातात. झालं. त्या क्षणानंतर हे पुस्तक कुणी नेलं होतं हे वाचनालयाला ठाऊक नाही. पुस्तकावर फक्त तारखांचे शिक्के राहतात.

ही ब्राऊन पद्धत. नीना ब्राऊन या अमेरिकी ग्रंथपालांनी ती 1890च्या दशकात बसवली आणि आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात ती अजून शिकवतात. वेळ वाचावा, रांग लवकर सरकावी हा तिचा हेतू असणार. पण तिचा एक परिणाम मला आज पहिल्यांदा लख्ख दिसला: पुस्तक आणि वाचक यांचं नातं ती फक्त पुस्तक बाहेर असेपर्यंत धरून ठेवते. वेगळी नोंद करायची झालीच, तर कुणीतरी मुद्दाम बसून लिहावी लागेल.

संगणकात नेमकं उलटं. पुस्तक परत आलं की ओळीत तारीख भरली जाते आणि ती ओळ जुन्या नोंदींच्या तक्त्यात जाऊन बसते, कुणी काढेपर्यंत. तिथं पुसण्यासाठी मुद्दाम बसावं लागतं.

प्रकल्पाची पहिली अट आज वहीत लिहिली. सूचीच्या, बारकोडच्या, सगळ्याच्या आधी: नव्या व्यवस्थेला आपल्या कार्डांपेक्षा जास्त लक्षात राहता कामा नये.

17 नोव्हेंबर

नगरपरिषदेचं मतदान 2 डिसेंबरला आहे. गावात भोंगे, रिक्षा, घरोघर पत्रकं. दुपारी एका उमेदवाराकडचा कार्यकर्ता आला, ओळखीचाच, चांगल्या घरातला. सभासदांची यादी मोबाईल नंबरांसकट हवी होती. “तुम्ही कॉम्प्युटरवर घेताय ना सगळं, मग एक फाईल पाठवा की.” बाईंनी सांगितलं, रजिस्टर कपाटात आहे, किल्ली कार्यवाहांकडे आहे. कार्यवाहांनी सांगितलं, तसा ठराव नाही. तो हसून गेला.

रजिस्टर उतरवून घ्यायला एखाद्याला दोन-तीन दुपारी टेबलाशी बसावं लागलं असतं आणि सगळ्यांनी त्याला पाहिलं असतं. फाईल असती तर ती एका सेकंदात गेली असती आणि कुणी दिली हेही कधी कळलं नसतं. कागदाची गैरसोय हेच आजवर सभासदांचं संरक्षण होतं. संगणकीकरणानं ती गैरसोय संपते आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही तर सभासद उघडे पडतात. दुसरी अट: संपर्क क्रमांकांची यादी कुणालाही, मलाही, एका बटणावर बाहेर काढता येता कामा नये.

21 नोव्हेंबर

कायदा वाचला. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम गेल्या आठवड्यात, 14 नोव्हेंबरला आले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून. मागचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या 24 ऑगस्ट 2017च्या पुट्टस्वामी निकालाचा: नऊ न्यायमूर्ती, एकमत, खाजगीपण हा अनुच्छेद 21 मधला मूलभूत हक्क.

आमच्या कामाच्या तीन गोष्टी सापडल्या. एक, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती. बालविभागाच्या अर्जावर पालकाची सही आजही घेतोच, त्यामुळे फार अडचण नाही. दोन, हा कायदा डिजिटल माहितीला लागतो, किंवा आधी कागदावर घेऊन नंतर संगणकावर चढवलेल्या माहितीला. जे कागदावरच राहतं ते त्याच्या बाहेर. म्हणजे कपाटातले सभासदांचे जुने अर्ज स्कॅन करायचे का, हा आता फक्त जागेचा प्रश्न नाही.

तिसरी जागा मात्र टोचली. माहितीचं काम झालं की ती पुसावी, असं अधिनियम सांगतो. नियमांत मात्र व्यक्तिगत माहिती आणि तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवाव्यात असं आहे, शासनाला कायद्यातल्या कारणांसाठी मागता याव्यात म्हणून. कार्डाइतकं विसरायचं म्हटलं तर हे कलम आडवं येतं. आमच्यातल्या वकील सभासदांना विचारलं. ते म्हणाले, “ठेवायला लागेल ते ठेवा, पण घ्यायलाच पाहिजे असं कुठं म्हटलंय?” हे वाक्य ठळक अक्षरांत लिहून घेतलं. पुसण्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा घेतानाच हात आखडायचा.

27 नोव्हेंबर

सभासदत्वाचा अर्ज. सध्याच्या अर्जात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख, लिंग, जात-प्रवर्ग, शिक्षण, व्यवसाय, पत्ता, पिनकोड, मोबाईल, आधार क्रमांक, फोटो. कुठला रकाना कधी आणि का आला हे कुणालाच आठवत नाही. बहुधा आधीच्या कुठल्यातरी छापील अर्जावरून उतरवला असावा.

प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न ठेवला: हे नसेल तर कोणतं काम अडेल? पतीच्या नावानं काही अडत नाही. जात-प्रवर्गानं नाही. व्यवसायानं नाही. जन्मतारखेपाशी कार्यवाह थांबले, बालविभागाची वर्गणी वेगळी आहे म्हणून. पण तिथं ‘18 वर्षांखालील: होय / नाही’ पुरतं.

जन्मतारखेवर मी हटून बसले, त्याचं कारण त्यांना सांगितलं ते इथंही लिहिते. 1990च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी संशोधनासाठी दिल्या होत्या, नावं-पत्ते काढून. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड एवढ्यावरून खुद्द राज्यपालांची नोंद शोधून काढली. या तीन गोष्टी एकत्र आल्या की अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं एकमेव ठरतात, असा हिशेब त्यांनी पुढे मांडला. आमच्या गावाला तर एकच पिनकोड आहे. वाचनालयातून त्याच जन्मतारखेच्या किती बायका पुस्तकं नेत असतील?

नव्या अर्जात उरलं: नाव, पत्ता, एक मोबाईल क्रमांक ऐच्छिक, अठराखाली असल्यास पालकाची सही. अर्ध्या पानाचा अर्ज झाला.

7 डिसेंबर

आजचा रविवार आधारच्या झेरॉक्सांवर गेला. मागच्या खोलीत लोखंडी कपाट, त्यात वर्षवार गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. प्रत्येक अर्जाला आधारकार्डाची झेरॉक्स टाचलेली. काहींवर पॅनकार्डही, मागितलेलं नसताना. काही सभासद गावातून केव्हाच गेलेले, काही वारलेले.

आधारचा पहिला क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी. सरकारी लाभ योग्य माणसाला मिळावा यासाठी ती ओळख होती. बघता बघता लॉजवर, सिमकार्डाच्या दुकानात, सोसायटीच्या फाटकावर आणि आमच्या वाचनालयातही तिची झेरॉक्स आली. 26 सप्टेंबर 2018च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खाजगी संस्थांना आधार वापरू देणारी तरतूद काढून टाकली, तरी झेरॉक्सची सवय सुटली नाही. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानं झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, फक्त शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क केलेलं आधार द्या, असं पत्रक काढलं. दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. सूचना शहाणपणाची होती आणि ती टिकायला हवी होती, असं माझं मत आहे.

बाईंना विचारलं, घ्यायला लागलो ते कशासाठी? पुस्तकं बुडू नयेत म्हणून. मग आधारमुळे एखादं बुडीत पुस्तक कधी परत आलं का? त्या विचार करून म्हणाल्या, “नाही गं. येतं ते अनामतीमुळे, नाहीतर आपले वाचनालयातले मामा घरी जाऊन आले की.” वार्षिक तपासणीला? सभासद नोंदवही, पावत्या, दाखल नोंदवही लागते. आधारची झेरॉक्स आजवर कुणी मागितली नाही.

मग ते कपाटात का आहे? आणि माझी खरी धास्ती पुढची होती. जुने कागद इथं रद्दीत जातात. रद्दी हातगाडीवर जाते. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि बारा आकडे असलेला कागद भेळेच्या पुड्याला लागला तर तो कुणाच्या हातात पडेल याचा नेम नाही.

मंडळाच्या परवानगीनं सगळ्या झेरॉक्सा अर्जांपासून सोडवल्या. एका सभासदाच्या छापखान्यातल्या कटिंग मशीनवर बारीक पट्ट्या करून घेतल्या, मग मामांनी त्या परसातल्या पिंपात भिजत घातल्या. लगदा होईपर्यंत दोघांपैकी कुणीतरी जागेवर होतं. यापुढे नव्या सभासदानं कोणतंही एक ओळखपत्र दाखवायचं. बाई ते पाहून परत देतील, अर्जावर ‘पाहिले’ अशी खूण करतील, क्रमांक लिहिणार नाहीत.

11 डिसेंबर

बाईंनी आज एक जुनी गोष्ट सांगितली. ओळख पटेल असं सगळं गाळून लिहिते.

एका मुलीचे वडील आले होते. हिनं गेल्या वर्षात कोणकोणती पुस्तकं नेली ते सांगा म्हणाले. घरात लग्नावरून काहीतरी चाललं होतं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे तशी नोंद राहत नाही. ते खरंच होतं, कारण कार्डं. वडिलांनी ट्रे बघितला, त्या दिवशी तिच्या नावावर एक स्वयंपाकाचं पुस्तक होतं. ते गेले. आधी काय काय नेलं होतं हे बाईंना आठवत होतं, पण ते त्यांच्या डोक्यात होतं आणि तिथंच राहिलं.

मी शहरात काम करताना खाजगीपणाच्या चर्चा ऐकते त्यात सरकार असतं, मोठ्या कंपन्या असतात, जाहिराती असतात. ते सगळं खरं आहे. पण लहान गावात माणसाला ज्यांची भीती असते ती माणसं बहुतेक वेळा ओळखीची असतात. वडील, नवरा, सासरे, चुलतभाऊ, शेजारचे, पतपेढीतले साहेब. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक, वंध्यत्वावरचं पुस्तक, दारू सोडण्यावरचं, नैराश्यावरचं, दुसऱ्या धर्माचं. ही पुस्तकं इथून जातात आणि परत येतात. वाचणारा कधीकधी ती वर्तमानपत्रात गुंडाळून नेतो. एका पडद्यावर नाव टाकून पूर्ण यादी दिसू लागली, तर पुढचा माणूस ते पुस्तक मागायलाच येणार नाही, आणि तो आला नाही हे आम्हाला कळणारही नाही.

आणि ‘नोंद राहत नाही’ हे उत्तर बाईंना पुढेही खरेपणानं देता आलं पाहिजे. नोंद आहे पण देणार नाही, असं दारात उभ्या असलेल्या चिडलेल्या बापाला सांगायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

20 डिसेंबर

कोहा बसवलं. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीवर, सेकंडहँड संगणक, यूपीएस जोडला. मराठी शोध चालतो. ऱ्हस्व-दीर्घाची गडबड आहे, ते काम वेगळं.

आज फक्त आठवणीच्या जागा शोधल्या. परत आलेल्या पुस्तकांचा तक्ता ही पहिली. कोहात एक निनावी सभासद तयार करता येतो आणि ठरावीक दिवसांनी जुन्या व्यवहारांतला खरा सभासद काढून तिथं तो निनावी घालणारी आज्ञा आहे. रात्री आपोआप चालेल अशी लावली. पण तेवढ्यानं भागत नाही. आकडेवारीचा तक्ता वेगळा आहे, त्यात प्रत्येक व्यवहारासोबत सभासदाचा आतला क्रमांक तसाच राहतो. देवघेवीची लॉग, म्हणजे प्रत्येक कृतीची आपोआप होणारी नोंद, चालू असेल तर तिसरी जागा. ‘शेवटचा वाचक लक्षात ठेवा’ ही सोय चालू केली तर चौथी. लॉग आणि शेवटचा वाचक दोन्ही बंद ठेवले. आकडेवारीच्या तक्त्यासाठी स्वतंत्र आज्ञा लिहिली: महिना, विषय, भाषा, बालविभाग की मोठे, एवढं मोजून ठेवायचं आणि सभासदाचा क्रमांक रिकामा करायचा. अनुदानाच्या अहवालाला तेवढे आकडे पुरतात.

28 डिसेंबर

वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर दर महिन्याला थकबाकीदारांची यादी पडते, नाव आणि पुस्तकासकट. आजपासून बंद. बाई फोन करतील. गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि एका सभासद ताईंना त्यातून नको ते संदेश येत होते. नव्या पुस्तकांची यादी, व्याख्यानमाला, सुट्ट्या यासाठी चॅनेल उघडलं. तिथं सभासदांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत.

8 जानेवारी 2026

वकीलसाहेबांचं वाक्य डोक्यात घेऊन आज मोठा निर्णय घेतला. कोहात सभासदाचं नाव टाकायचंच नाही.

आडनावाचा रकाना सक्तीचा आहे, तिथं सभासद क्रमांक जाईल. पत्ता, फोन रिकामे. नाव कोणतं, क्रमांक कोणता, हे जोडणारी नोंदवही कागदाची, बाईंच्या कुलपात. मुदत संपलेल्यांची यादी संगणक क्रमांकांची काढेल, बाई नोंदवही उघडून फोन लावतील. आजही त्या तेच करतात. निवडणुकीत कुणी फाईल मागितली तर फाईलमध्ये क्रमांक सोडून काही नसेल.

कार्यवाह म्हणाले, मग रात्रीच्या पुसण्याची गरज काय उरली, नावच नाही तर? गरज आहे. ऑगस्ट 2006 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी इंटरनेटवर घेतलेले दोन कोटींच्या आसपास शोध जगजाहीर केले. नावांऐवजी आकडे घातले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका आकड्याचे शोध वाचत वाचत, गावाचं नाव, आडनाव, कुत्र्याच्या सवयी अशा धाग्यांवरून जॉर्जियातल्या एका वृद्ध बाईंचं घर गाठलं. माणूस काय शोधतो आणि काय वाचतो यातच तो ओळखू येतो. आमच्या गावात भ्रूणशास्त्र आणि ज्ञानेश्वरीवरच्या टीका दोन्ही नेणारा सभासद कोण, हे वाचनमंडळातला कुणीही सांगेल. त्यामुळे दोन्ही: नाव आत जाणार नाही आणि क्रमांकाचा मागही उरणार नाही. फाटलेल्या पुस्तकाचा वाद काढायला तीस दिवस ठेवले. हा काळ अजून कमी करावा असं मला वाटतं. बाईंना तीस हवे आहेत आणि त्यांच्या बाजूला अनुभव आहे. नियमातल्या त्या एक वर्षाबद्दल मे 2027 च्या आधी पुन्हा बसायचं ठरलं. तेव्हा द्यावं लागलंच तरी संगणकात क्रमांकापलीकडे काही नसेल.

18 जानेवारी

अभ्यासिका. एका देणगीदारांनी बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र दिलं आहे, आणि पालकांना ‘आली / गेली’ असा संदेश जावा अशी काहींची मागणी आहे.

आज वर बसून मुलामुलींशी बोलले. त्यांची मतं एकसारखी नव्हती, आणि मला ती एकसारखी करून लिहायची नाहीत. जिन्यातला कॅमेरा असू द्या, असं मुलींनीच ठामपणे सांगितलं. रात्री दहाला खाली उतरताना बरं वाटतं. टेबलांवर रोखलेला कॅमेरा मात्र त्यांना नको. तो अध्यक्षांच्या आणि आणखी दोघांच्या फोनवर थेट दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं. कळल्यावर खोलीत शांतता झाली. घरी संदेश जाण्याबद्दल एक जण म्हणाली, “मॅडम, मी चोवीस वर्षांची आहे. चहा प्यायला गेले तरी घरी कळणार का?” दुसरी म्हणाली, संदेश जातो म्हटल्यावरच घरचे पाठवतील, नाहीतर अभ्यासिका बंद. तिचंही खरं आहे.

ठरलं ते असं. कॅमेरा दार आणि जिना. आतला काढायचा. फोनवरचं थेट दृश्य बंद, चित्रण पंधरा दिवसांनी पुसलं जाईल, पाहायचं तर दोन पदाधिकारी एकत्र आणि वहीत नोंद करून. संदेश वाचनालय पाठवणार नाही. ज्यांना घरी कळवायचं असेल त्या स्वतः कळवतील. दुसऱ्या मुलीसाठी अण्णा तिच्या वडिलांशी बोलणार आहेत.

ठशाचं यंत्र परत. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांचे रबरी साचे करून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे तेलंगण, हरियाणा, कर्नाटकात नोंदले गेले आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. खुर्ची कुणाची हे ठरवायला कार्ड पुरतं. देणगीदारांना समजावण्याचं काम अण्णांनी अंगावर घेतलं.

1 फेब्रुवारी

माळ्यावर ब्राऊन पद्धतीच्या आधीच्या खतावण्या सापडल्या. सभासदाच्या नावाचं पान आणि त्याखाली नेलेली पुस्तकं, तारखेसह. त्यातली एक 1942च्या सुमाराची. उभ्या उभ्या तासभर वाचत राहिले. गावातल्या ज्या घरांना आपण सत्याग्रहींची म्हणून ओळखतो, त्या घरांतली माणसं त्या वर्षी काय वाचत होती ते समोर होतं. इतिहासाच्या अभ्यासकाला हे सोनं आहे, आणि मलाही ते वाचायचं होतं.

महिनोन्महिने जे पुसायच्या मागे आहोत, त्याचीच ही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीची आवृत्ती. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी पटतात. तूर्त जिल्ह्याबाहेर काही जाणार नाही, स्कॅन होणार नाही, कागद वाळवीपासून वाचवायचा. ज्या खतावण्यांतली माणसं हयात असू शकतात त्या वेगळ्या बांधून ठेवल्या. 1942ची प्रत अभ्यासकाला इथं बसून, घरच्यांची संमती घेऊन पाहता यावी असं मी सुचवलंय. मंडळात एकमत नाही.

15 फेब्रुवारी

बॅकअपची परीक्षा. मूळ तक्त्यातून पुसलेलं जुन्या बॅकअपमध्ये जिवंत असतं, आणि तिकडे सहसा कुणी पाहत नाही. बॅकअप कूटबद्ध, दोन पेनड्राइव्हवर आळीपाळीनं, चौदा दिवसांपेक्षा जुना राहणार नाही अशी व्यवस्था केली. मग एक बॅकअप वेगळ्या संगणकावर उघडून स्वतःचाच सभासद क्रमांक शोधला. डिसेंबरच्या चाचणीत नेलेली आणि परत केलेली पुस्तकं कुठंही माझ्या क्रमांकाशी जोडलेली नव्हती, ना जुन्या व्यवहारांत, ना आकडेवारीत, ना लॉगमध्ये. सध्या माझ्याकडे असलेलं एक पुस्तक दिसलं, ते दिसायलाच हवं. बाईंना पडदा दाखवला. त्यांनी आणखी दोन क्रमांक स्वतः टाकून पाहिले.

1 मार्च

विशेष सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर. शब्द असे: ‘वाचकाने परत केलेल्या पुस्तकाची नोंद वाचकाच्या नावाने अथवा क्रमांकाने तीस दिवसांपलीकडे ठेवली जाणार नाही. सभासदांची माहिती न्यायालयाच्या अथवा कायद्याने अधिकार असलेल्या प्राधिकरणाच्या लेखी आदेशाशिवाय कोणालाही, कुटुंबीयांसह, दिली जाणार नाही.’ ‘कुटुंबीयांसह’ या शब्दावर अर्धा तास चर्चा झाली. तो काढावा असं काही ज्येष्ठांचं म्हणणं होतं, अठराखालच्या मुलांचं काय, असा प्रश्न आला. मुलांच्या बाबतीत पालकाला सध्या घरी असलेलं पुस्तक सांगता येईल, मागचं नाही, अशी भर घातली आणि शब्द राहिला.

2005 मध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात तपासयंत्रणेनं ग्रंथालयातल्या संगणकाच्या वापराची माहिती मागितली, तेव्हा चार ग्रंथपाल न्यायालयात गेले होते. त्याबद्दल बोलायची त्यांना बंदी होती, ती पुढच्या वर्षी उठली आणि मागणीही मागे घेतली गेली. हे सभेत सांगितलं. आमच्या बाईंवर तसा प्रसंग येऊ नये, म्हणून कपाट आधीच हलकं केलंय.

उरलेली कामं: दाखल नोंदवहीतली सुमारे निम्मी पुस्तकं सूचीत यायची आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा शोध. प्रशासकाचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाहांकडे. ठरावाची प्रत मोठ्या अक्षरांत देवघेवीच्या टेबलामागे. मे 2027 च्या नियमांसाठी वकीलसाहेबांसोबत बैठक, दिवाळीनंतर.